मोडलेली बरगडी आणि अडलेला श्वास

१८५० सालच्या जून महिन्याची २९ तारीख. लंडन शहरांतील कॉन्स्टिट्यूशन हिल या रस्त्यानें बासष्ट वर्षांचे एक मुत्सद्दी घोड्यावर बसून चालले होते. इंग्लंडचें मुख्य प्रधानपद दोनदां भूषविलेले आणि लंडनच्या पोलीसदलाचे जनक म्हणून ज्यांचें नांव आजही घेतलें जातें, ते सर रॉबर्ट पील हेच ते गृहस्थ. वाटेंत सर रॉबर्ट घोड्यावरून खालीं फेकले गेले, आणि अडखळलेला घोडा त्यांच्या अंगावर आला. त्यांना घरीं आणण्यांत आलें. डाव्या खांद्यापाशीं गळ्याखालचें हाड मोडलें आहे एवढें डॉक्टरांना कळलें. परंतु वेदना इतकी असह्य होती कीं, छातीची पुरती तपासणी रोग्यानें करूंच दिली नाहीं. तीन दिवसांनीं, २ जुलै रोजीं, त्यांचें देहावसान झालें. डाव्या बाजूची पांचवी बरगडी मोडली होती ही गोष्ट मृत्यूनंतरच उघडकीस आली, आणि ती फुप्फुसावर दाबली जाऊन घात झाला असावा, असें त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. गळ्याखालच्या हाडाजवळची मोठी रक्तवाहिनी फाटली होती, असेंही मत पुढें मांडलें गेलें.

त्या काळीं क्ष-किरण नव्हते. त्यांचा शोध १८९५ सालीं लागावयाचा होता. भूल देण्याची विद्या नुकतीच कोठें जन्माला आली होती. आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. तरीही पील यांच्या अखेरच्या तीन दिवसांत छातीच्या मोठ्या दुखापतीचीं तीन लक्षणें स्पष्ट उमटलेलीं दिसतात. इजा बाहेरून दिसली नाहीं. वेदना अतिशय झाली. आणि घात झाला तो पडल्याबरोबर नव्हे, तर कांहीं दिवसांनीं. हीं तिन्ही लक्षणें आजही तशींच आहेत, आणि त्यांच्याविषयींचा गैरसमजही अद्याप घरोघर नांदत आहे. कोणाचा पाय मोडला तर घरांतलीं माणसें धांवपळ करतात. पण ‘एखाददुसरी बरगडी मोडली आहे, तिला प्लास्टर घालीत नाहींत, ती आपोआप सांधते,’ असें ऐकतांच सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. बरगडी आपोआप सांधते हें खरें आहे. परंतु रोगी जगेल कीं दगावेल, आणि जगला तर पूर्वीसारखा कामाला लागेल कीं नाहीं, हें त्या हाडावर ठरत नाहीं. तें ठरतें श्वासावर.

हें नीट समजण्यासाठीं छातीच्या रचनेकडे थोडें पाहिलें पाहिजे. बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. मागें त्या सर्व पाठीच्या कण्याला जोडलेल्या असतात. वरच्या सात जोड्या पुढें कूर्चेच्या द्वारें उरोस्थीला थेट मिळतात. त्यांच्या खालच्या तीन आपल्या वरच्या कूर्चेला चिकटतात. आणि शेवटच्या दोन पुढच्या बाजूला मोकळ्याच राहतात. या रचनेला आपण छातीचा पिंजरा म्हणतों. पिंजरा म्हटला कीं डोळ्यांपुढें एक स्थिर, ताठ वस्तु उभी राहते. परंतु छातीचें खरें साम्य लोहाराच्या भात्याशीं आहे. बादलीची कडी उचलावी त्याप्रमाणें श्वास घेतांना बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात. त्याच वेळीं पोट आणि छाती यांच्या मधलें श्वासपटल खालीं सरकतें. आंतली जागा वाढते आणि हवा फुप्फुसांत शिरते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला बारा ते वीस वेळां श्वास घेतो आणि दर वेळीं सुमारें अर्धा लिटर हवा आंत ओढतो. म्हणजे दिवसाकांठीं हा भाता वीस हजार वेळांच्या आसपास हलत असतो.

मोडलेल्या हाडाचा पहिला उपचार म्हणजे विश्रांति. पायाला ती देतां येते, हाताला देतां येते. बरगडीला ती कशी द्यावी? बरगड्यांनीं विश्रांति घेतली तर मनुष्यच उरणार नाहीं. दिवसांतून वीस हजार वेळां मोडक्या हाडाचीं टोंकें एकमेकांवर घासतात आणि प्रत्येक वेळीं कळ येते. या एका गोष्टींतच या दुखापतीचें सारें मर्म सांठविलेलें आहे.

छातीवर जबर आघात झाला म्हणजे आंत तीन प्रकारांनीं अनर्थ घडूं शकतो. पहिला प्रकार असा कीं, बरगडीचें टोंक फुप्फुसाला भोंक पाडतें. मग फुप्फुसांतली हवा बाहेर पडून छातीच्या पोकळींत सांठते आणि फुप्फुस आकसतें. किंवा रक्तवाहिनी फाटून त्याच पोकळींत रक्त सांठतें. कधीं कधीं हवा आंत सांठत जाते, परंतु तिला बाहेर पडावयास वाट मिळत नाहीं. मग तिच्या दाबानें हृदयाकडे येणारें रक्तही अडतें आणि कांहीं मिनिटांत प्राणावर बेततें. हा प्रकार भयंकर दिसतो, परंतु वेळीं ओळखला तर त्याचा उपाय साधा आहे. दोन बरगड्यांच्या मधून एक नळी पोकळींत घालावयाची आणि तिचें दुसरें टोंक बाटलींतल्या पाण्याखालीं बुडवून ठेवावयाचें. आंतली हवा बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडते, पण पाण्यामुळें बाहेरची हवा आंत जाऊं शकत नाहीं. छातीला मार लागलेल्या बहुसंख्य रोग्यांचें काम एवढ्यावर भागतें. छाती उघडून शस्त्रक्रिया करण्याची पाळी थोड्यांवरच येते.

दुसरा प्रकार म्हणजे फुप्फुसाला बसलेला मुका मार. मांडीला मार बसला तर ती जशी काळीनिळी होते आणि सुजते, तसेंच फुप्फुसाचें होतें. त्याच्या नाजूक कोशांत रक्त आणि पाणी झिरपतें. तेवढ्या भागांत हवा असून नसल्यासारखी होते. हा मार पहिल्या दिवशीं पुरता दिसत नाहीं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत तो वाढत जातो. अपघाताच्या दिवशीं ‘छायाचित्रांत फारसें कांहीं नाहीं’ असें ऐकून निश्चिंत झालेल्या नातेवाइकांना दुसऱ्या दिवशीं रोगी धापा टाकूं लागलेला पाहून जो धक्का बसतो, त्याचें कारण हें आहे. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या वांकतात, मोडत नाहींत. म्हणून एकही हाड न मोडतां फुप्फुसाला जबर मार बसला आहे असें मुलांत घडूं शकतें.

तिसरा प्रकार सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित. तो म्हणजे वेदना. कळ येते म्हणून रोगी उथळ श्वास घेतो. खोकला म्हणजे तर प्राणांतिक यातना; म्हणून तो खोकला दाबतो. न खोकल्यामुळें कफ आंतच सांचतो. फुप्फुसाचा खालचा भाग हवेअभावीं मिटतो. सांचलेल्या कफांत जंतूंची वाढ होते आणि न्यूमोनिया होतो. अपघात सोमवारीं झालेला असतो. रोगी दगावतो तो पुढच्या आठवड्यांत. लोक म्हणतात, ‘बरगडी मोडली होती, पण गेले ते न्यूमोनियानें.’ वास्तविक या दोन गोष्टी वेगळ्या नाहींत. एकाच सांखळीचें पहिलें कडें बरगडी आणि शेवटचें कडें न्यूमोनिया. मधलें कडें वेदना; आणि तोडतां येण्याजोगें कडें तेंच आहे.

याशिवाय कोणती बरगडी मोडली यालाही महत्त्व असतें. सर्वांत वरच्या बरगड्या आंखूड आणि सुरक्षित असतात. त्या मोडल्या असतील तर आघात फार मोठा होता असें समजून मोठ्या रक्तवाहिन्यांची तपासणी करतात. खालच्या बरगड्यांच्या आड उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते. म्हणून खालची बरगडी मोडलेल्या मनुष्याचें पोट दुखूं लागलें, तर तें दुखणें छातीचें म्हणून सोडून देतां येत नाहीं.

आघात अतिशय मोठा असेल, तर लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकीं दोन ठिकाणीं मोडतात. मग छातीच्या भिंतीचा एक तुकडा बाकीच्या पिंजऱ्यापासून सुटा होतो. रोगी श्वास आंत घेतो तेव्हां सारी छाती फुगते आणि तो तुकडा मात्र आंत ओढला जातो. श्वास सोडतो तेव्हां तोच तुकडा बाहेर फुगतो. यास डॉक्टर ‘फ्लेल चेस्ट’ म्हणतात. हें दृश्य पाहणाऱ्याच्या मनाला इतकें घाबरवून सोडतें कीं, पुष्कळ वर्षें वैद्यांचें सारें लक्ष त्या हलणाऱ्या तुकड्यावरच खिळून राहिलें होतें. त्या लक्षाची दिशा कशी बदलत गेली, हाच या दुखापतीच्या उपचाराचा इतिहास होय.

मोडलेली बरगडी बांधून ठेवावी, ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मोडलेल्या हाडांच्या उपचारांचा एक अध्याय आहे. त्यांत बरगडी मोडलेल्या रोग्यास उभें करून तूप चोळावें, बरगडी हातानें सारखी करून पट्ट्यानें वेष्टावी आणि रोग्यास तेलानें भरलेल्या द्रोणींत निजवावें, असें सांगितलें आहे. पाश्चात्त्य देशांतही चिकटपट्ट्यांनीं छाती आवळून बांधण्याची रीत विसाव्या शतकांत चांगलीच रुळलेली होती. फ्लेल चेस्टच्या रोग्याचा हलणारा भाग वाळूच्या पिशव्यांनीं दाबून धरीत, किंवा बरगड्यांना आंकडे अडकवून वजनांनीं बाहेर ओढून धरीत. या सर्व उपायांत हेतु चांगला होता. परंतु आवळून बांधलेल्या छातींत श्वास आणखी उथळ होतो आणि कफ आणखी सांचतो, ही गोष्ट नजरेआड झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानें डोळे उघडण्यास सुरुवात केली. १९४५ सालीं बर्फर्ड आणि बरबँक या दोन अमेरिकन लष्करी शल्यविशारदांनीं जखमी सैनिकांत दिसणाऱ्या ‘ओल्या फुप्फुसा’चें वर्णन प्रसिद्ध केलें. छातीला मार लागलेल्या सैनिकाचें फुप्फुस पाण्यानें आणि कफानें भरून येतें. त्याला वेदनेमुळें खोकतां येत नाहीं. म्हणून बरगड्यांमधल्या मज्जातंतूंना बधिर करून वेदना थांबवावी आणि श्वासनलिकेंतील कफ ओढून काढावा, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. वेदना थांबविणें ही केवळ दयेची गोष्ट नसून तो प्राण वाचविणारा उपचार आहे, ही दृष्टि तेथें स्पष्ट दिसते.

यापुढचें पाऊल एका निराळ्याच रोगाच्या सांथीमुळें पडलें. १९५२ सालीं डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांच्या गळ्यांत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, हातांनीं पिशवी दाबून त्यांच्या फुप्फुसांत हवा भरली आणि पुष्कळांचे प्राण वांचविले. बाहेरून दाबानें श्वास देण्याची ही युक्ति पुढें यंत्रांनीं उचलली. १९५६ सालीं शिकागोच्या एव्हरी, मॉर्क आणि बेन्सन या तिघांनीं चिरडलेल्या छातीच्या रोग्यांवर तिचा प्रयोग प्रसिद्ध केला. यांतले मॉर्क हे मूळचे डेन्मार्कचेच. त्यांचें म्हणणें असें कीं, मोडकी छाती बाहेरून ओढून धरण्याचें कारणच काय? यंत्रानें आंतून हवेचा दाब दिला म्हणजे फुगलेलें फुप्फुसच मोडक्या बरगड्यांना आधार देईल. कल्पना सुंदर होती आणि तिनें अनेकांस जीवदान दिलें. पुढचीं वीस वर्षें फ्लेल चेस्ट म्हटला कीं श्वासयंत्र, असा जवळजवळ नियमच होऊन बसला.

परंतु प्रत्येक चांगल्या उपायाला मर्यादा असते. श्वासयंत्रावर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या रोग्याच्या फुप्फुसांत जंतूंचा शिरकाव होतो आणि त्याचे स्नायू दुबळे पडतात. १९७५ सालीं टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील शल्यविशारद ट्रिंकल व त्यांचे सहकारी यांनीं तीस रोग्यांचा अनुभव मांडला. कांहीं रोग्यांना रीतीप्रमाणें लगेच यंत्रावर ठेवलें होतें. इतरांत मात्र हलणाऱ्या तुकड्याकडे दुर्लक्ष करून, खालच्या मार बसलेल्या फुप्फुसावर उपचार केले, वेदना शमविली आणि कफ काढीत राहिले. पहिल्या गटांत शेंकडा २१ रोगी दगावले. दुसऱ्यांत एकही नाहीं. रुग्णालयांतला सरासरी मुक्काम पहिल्या गटांत सुमारें ३१ दिवसांचा, तर दुसऱ्यांत सुमारें ९ दिवसांचा झाला. रोग्यांची संख्या लहान होती. तरीही त्या लेखानें जगभरच्या डॉक्टरांचें लक्ष हाडावरून फुप्फुसाकडे वळविलें. यंत्र तेव्हांपासून सर्वांसाठीं राहिलें नाहीं. ज्याला स्वतःचा श्वास खरोखरच पुरत नाहीं, त्याच्यासाठीं तें राखून ठेवण्यांत येऊं लागलें.

मग मोडक्या बरगड्या शस्त्रक्रियेनें जोडाव्या कीं नाहीं? या प्रश्नाचा निकाल अजून सर्वस्वीं लागलेला नाहीं. पण बरेंच कांहीं कळलें आहे. जपानमधील तानाका व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं ३७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्व फ्लेल चेस्टचे रोगी यंत्रावर होते. सोडत पद्धतीनें १८ जणांच्या बरगड्या धातूच्या पट्ट्यांनीं जोडल्या आणि १९ जणांना यंत्राच्याच आधारावर ठेवलें. शस्त्रक्रिया झालेल्यांचें यंत्र सरासरीनें सुमारें ११ दिवसांत सुटलें, इतरांना १८ दिवस लागले. त्याहून बोलका आंकडा पुढचा आहे. सहा महिन्यांनीं पूर्ण वेळच्या नोकरीवर परतले ते पहिल्या गटांत १८ पैकीं ११, आणि दुसऱ्या गटांत १९ पैकीं केवळ एक.

एवढ्यावरून प्रत्येक मोडक्या बरगडीला पट्टी ठोकावी असें मात्र ठरत नाहीं. २०२२ सालीं कॅनडा व अमेरिका येथील २०७ रोग्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत १०८ जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि ९९ जणांवर झाली नाहीं. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत यंत्राविना गेलेल्या दिवसांची सरासरी पाहतां दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं रुग्णालयांत कोणी दगावला नाहीं, दुसऱ्या गटांत सहा जण दगावले. आणि जे आधींच यंत्रावर होते त्यांना शस्त्रक्रियेचा लाभ झालासा दिसला. तात्पर्य, निवडक रोग्यांना शस्त्रक्रिया उपकारक आहे. सरसकट सर्वांना नव्हे. कोण निवडावा, हें काम अनुभवी शल्यविशारदाचें.

येथपर्यंत मोठमोठ्या अपघातांची कथा झाली. पण शहरांतल्या घरांतून या दुखापतीची गांठ पडते ती पुष्कळदां अगदींच सामान्य प्रसंगीं. समजा, सत्तरी ओलांडलेले अण्णा न्हाणीघरांत पाय घसरून पडले आणि छातीची बाजू दगडाच्या कडेवर आदळली. मुलगा धांवत आला. “कांहीं नाहीं रे, जरा लचक भरली आहे,” असें म्हणून अण्णा अंथरुणावर आडवे झाले. कोणी तेल चोळलें, कोणी जुन्या धोतराचा पट्टा फाडून छाती घट्ट बांधली. दोन दिवस अण्णा मुकाट्यानें पडून राहिले. घरांतल्यांना वाटलें, आराम पडत आहे. तिसऱ्या दिवशीं ते कांहीं असंबद्ध बोलूं लागले आणि त्यांना धाप लागली. अंगांत ताप फारसा नव्हता; वृद्धांना न्यूमोनियांत पुष्कळदां तो येतही नाहीं. मुकाट्यानें पडून राहणें हा आराम नव्हता. श्वास चोरण्याचा तो प्रकार होता.

वृद्धांची ही स्थिति केवळ कल्पनेंतली नाहीं. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरांत बरगड्या मोडून रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांचा एक अभ्यास २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पासष्ट व त्याहून अधिक वयाचे २७७ आणि त्याहून तरुण असे १८७ रोगी होते. तरुणांत शेंकडा १० दगावले, वृद्धांत शेंकडा २२. न्यूमोनिया तरुणांत शेंकडा १७ जणांना झाला, वृद्धांत शेंकडा ३१ जणांना. शिवाय वृद्धांच्या बाबतींत जितक्या बरगड्या अधिक मोडलेल्या, तितका धोका चढत जातो असें दिसून आलें; प्रत्येक जादा बरगडीमागें मृत्यूचा संभव शेंकडा १९ नीं आणि न्यूमोनियाचा शेंकडा २७ नीं वाढत होता. हे रोगी मोठ्या रुग्णालयांतले होते आणि पुष्कळांना इतरही इजा होत्या, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. तरीही आंकड्यांचा रोख स्पष्ट आहे. पंचविशींतल्या तरुणाच्या तीन बरगड्या आणि पंच्याहत्तरीच्या वृद्धाच्या तीन बरगड्या या एक नव्हेत. म्हणूनच अनेक रुग्णालयांत आतां वय, मोडलेल्या बरगड्यांची संख्या आणि रोगी किती खोल श्वास घेऊं शकतो हीं तीन मापें पाहून, वृद्ध रोग्यास बरा दिसत असतांनाही अतिदक्षता विभागांत ठेवतात.

उपचारांत पहिला मान वेदनाशमनाचा. साध्या गोळ्यांपासून त्यास आरंभ होतो. अधिक वेदना असेल तर पाठीच्या कण्याजवळ सूक्ष्म नळी बसवून बधिर करणारें औषध थेंबथेंब देतात, किंवा छातीच्या स्नायूंच्या पदरांत सुईनें औषध सोडून मज्जातंतु बधिर करतात. या दुसऱ्या रीतीचा पाठीच्या स्नायूंखालीं औषध सोडण्याचा एक सोपा प्रकार २०१६ सालीं कॅनडांतील भूलतज्ज्ञांनीं प्रसिद्ध केला, आणि तो थोड्याच काळांत जगभर पसरला. अफूपासून केलेलीं जहाल औषधें जपून द्यावीं लागतात, कारण त्यांच्या अंमलाखालीं श्वास स्वतःच मंदावतो. वेदना शमली कीं दुसरा उपचार सुरू होतो, तो म्हणजे श्वासाचा व्यायाम. तीन रंगीत चेंडूंचें तें लहानसें यंत्र पुष्कळांनीं रुग्णालयांत पाहिलें असेल. खेळणें समजून त्याची थट्टा करूं नये. ओढलेल्या प्रत्येक खोल श्वासाबरोबर फुप्फुसाचा मिटलेला भाग उघडत असतो. खोकतांना दुखऱ्या बाजूवर उशी घट्ट धरली म्हणजे कळ कमी होते आणि कफ सुटतो.

बाह्यतः बरा होऊन रोगी घरीं आला म्हणजे सर्व संपलें, असेंही नाहीं. १९८४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांतल्या डॉक्टरांनीं फ्लेल चेस्टच्या आपल्या जुन्या रोग्यांचा माग काढला. कित्येकांना अद्याप धाप लागत होती, कित्येकांची छाती दुखत होती, आणि पूर्ण वेळच्या कामावर परतलेल्यांची संख्या निम्म्याहूनही कमी होती. मोडलेलें हाड साधारणतः सहा आठवड्यांत सांधतें; परंतु दुखणें घोड्याच्या पावलानें येतें आणि मुंगीच्या पावलानें जातें, या म्हणीची सत्यता येथें पुरती पटते. जड ओझें उचलणाऱ्याला, गाडी हांकणाऱ्याला, दिवसभर उभें राहून काम करणाऱ्याला ते पुढचे महिने कठीण जातात. अशा माणसाला ‘एवढीशी बरगडी आणि किती दिवस बसून राहणार?’ असें विचारणें हा अन्याय होय. त्यास वेळ मिळाला, औषध मिळालें, श्वासाचा व्यायाम चालू राहिला, तर तो पुन्हा उभा राहतो.

गृहस्थाश्रमी माणसांनीं यांतून थोडक्याच गोष्टी लक्षांत ठेवाव्या. छातीला जोराचा मार लागला असेल, तर छाती आवळून बांधूं नये आणि चोळूं नये. धाप लागणें, ओठ निळे पडणें, थुंकींतून रक्त पडणें, घेरी येणें, छातीचा एखादा भाग उलट दिशेनें हलणें, कातडीखालीं बोटांना कुरकुर लागणें, पोट दुखूं लागणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसलें तर क्षणाचाही विलंब करूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. वृद्ध मनुष्य पडला असेल, तर चिन्हें नसतांनाही त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावा. घरीं पाठविलें असेल, तर सांगितलेलें वेदनेचें औषध वेळच्या वेळीं द्यावें. ‘दुखेल तेव्हां घेईन’ असा हट्ट येथें चालूं देऊं नये. दिवसा त्यास उठवून बसवावें, चालवावें, खोल श्वास घ्यावयास लावावें, आणि बिडीकाडी असेल तर ती सोडवावी. न्हाणीघरांत भिंतीला हाताशीं दांडी आणि पायांखालीं न निसरणारें फरसबंद, एवढी व्यवस्था केली तर पुष्कळ बरगड्या मोडावयाच्या वांचतील. मोटारींत बसतांना पट्टा बांधणें हेंही त्यांतलेंच. २०२२ या एका सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, असें सरकारी अहवालांत नमूद आहे. वाहन एकाएकीं थांबलें म्हणजे पुढचें चक्र आणि माणसाची छाती यांची जी टक्कर होते, ती पुष्कळ अंशीं त्या पट्ट्यानेंच टळते.

सर रॉबर्ट पील यांच्या बिछान्याभोंवतीं जमलेल्या डॉक्टरांजवळ बरगडी पाहण्याचें साधन नव्हतें आणि वेदना शमविण्याचीं साधनें तोकडीं होतीं. आज दोन्ही आहेत. उणीव राहते ती एवढीच कीं, मुकाट्यानें पडून असलेल्या माणसाच्या श्वासाकडे घरांतल्या कोणीतरी नीट पाहिलें पाहिजे. त्याला एक खोल श्वास घ्यावयास सांगावें आणि एकदां खोकावयास सांगावें. तें त्याला साधत नसेल, तर बरगडी आपोआप सांधेल म्हणून वाट पाहत बसण्याची ती वेळ नव्हे.